छायाचित्राच्या कागदाची कुळकथा

छायाचित्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भिंगाचा आणि कॅमेऱ्याचा जेवढा गौरव केला आहे, त्याच्या शतांशानेही कागदाची दखल घेतलेली नाही. वास्तविक ज्याला आपण छायाचित्र म्हणून हातात धरतो, भिंतीवर लावतो आणि पुढच्या पिढीच्या स्वाधीन करतो, ती वस्तू म्हणजे बव्हंशी कागदच असते. आज इंकजेट यंत्रावर आपले निवडक काम छापू पाहणारा छायाचित्रकार कापसाच्या तंतूंचा, तेज न मारणारा कागद घ्यावा की बरायट्याचा तुकतुकीत कागद घ्यावा, या विवंचनेत पडतो, तेव्हा ती विवंचना पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे याची त्याला बहुधा कल्पना नसते. प्रतिमा कागदाच्या अंगात मुरावी, की कागदावर चढविलेल्या एखाद्या लेपात, तंतूंपासून अलग, राहावी, हा त्या विवंचनेचा गाभा आहे; आणि या प्रश्नाला प्रत्येक पिढीने दिलेले उत्तर हाच छायाचित्राच्या कागदाचा खरा इतिहास होय, असे माझे मत आहे.

हा प्रश्न छायाचित्रणाहूनही पुरातन आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल ज्यांनी सोडून पाहिले असतील, त्यांना जुन्या हातकागदावरची काळी शाई आजही ठसठशीत उभी असलेली आठवेल. जुन्नरच्या आणि दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याच्या कागद्यांनी लगद्यापासून ताव काढून तो वाळविला, की त्यावर खळ चढवावी आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटावा, असा त्यांचा रिवाज होता. खळ व घोटाई यांमुळे बोरूची शाई तंतूंत फुटत नसे आणि अक्षर वरच्या वर राही. द्रव किती खोल जाऊ द्यावयाचा, हे कागद करणाऱ्याने ठरवावयाचे असते, ही गोष्ट त्या कारागिरांना पुरती अवगत होती.

इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट याने 1834 च्या सुमारास जे प्रयोग आरंभिले, ते मात्र लेखनासाठी तयार झालेल्या उत्तम कागदावरच त्याला करावे लागले, कारण छायाचित्राचा म्हणून निराळा कागद अद्याप अस्तित्वातच नव्हता. केंट परगण्यातील टर्की मिल या गिरणीचा, व्हॉटमनचा जलचिन्हांकित कागद त्याच्या विशेष पसंतीचा होता. कागद प्रथम मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवावयाचा, वाळवावयाचा आणि मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवावयाचा, एवढीच ती कृती. परंतु तीतून निर्माण होणारी प्रतिमा तंतूंच्या जाळ्यातच वसत असल्यामुळे कागदाचा प्रत्येक गुण आणि प्रत्येक दोष चित्रात उतरे. इंग्रजी कागदाला प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेला सरस लावीत आणि फ्रेंच कागदाला पिठाची खळ व राळ, आणि केवळ या भेदामुळे एकाच द्रावणातून निघालेल्या दोन छायाचित्रांच्या रंगछटेत अंतर पडे. चिंध्यांबरोबर लगद्यात आलेल्या एखाद्या धातूच्या गुंडीचा सूक्ष्म कणही चांदीशी संयोग पावून आकाशाच्या मधोमध काळा ठिपका उमटवी.

मुंबई इलाख्यात ही विद्या फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली, 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्याच वर्षी इलाख्याच्या सरकारने कॅप्टन टॉमस बिग्ज याची विजापूर व आसपासच्या प्राचीन इमारतींची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमणूक केली. बिग्जने वापरलेल्या पद्धतीत मूळ नकारचित्रही कागदाचेच असे. कागदाच्या पोतातून प्रकाश गाळून घेतलेली ती चित्रे पाहताना गोल घुमटाच्या दगडाचा खरबरीतपणा आणि कागदाचा खरबरीतपणा यांची सरमिसळ होते, आणि ती मला तरी अत्यंत सुंदर वाटते. त्या काळच्या जाणकारांना मात्र तो पोत म्हणजे उणीवच वाटत होती. त्यांना प्रत्येक रेघ स्वच्छ हवी होती.

ती स्वच्छ रेघ लील शहराच्या लुई देझिरे ब्लांकार-एव्रार याने 1850 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या कृतीने मिळवून दिली. अंड्याच्या पांढऱ्या बलकात क्षार मिसळून तो फेसावा, निवळू द्यावा आणि त्यावर कागद अलगद तरंगत ठेवावा. कागदाच्या एका बाजूवर जो चकचकीत पापुद्रा बसतो, त्यातच चांदीची प्रतिमा राहते आणि तंतूंत उतरत नाही. पुढील चाळीस वर्षे जगातील बहुतेक छायाचित्रे याच कागदावर झाली. पापुद्रा चढविण्यासाठी कागद अतिशय पातळ, परंतु ओला झाल्यावर न फाटणारा आणि लोहाच्या अंशापासून सर्वथा मुक्त असावा लागे. असा कागद फ्रान्समधील रीव्ह येथील ब्लांशे बंधू व क्लेबेर यांच्या गिरणीत आणि त्या वेळी प्रशियाच्या अमलाखाली असलेल्या माल्मेदी येथील श्टाइनबाखच्या गिरणीत, अशा दोनच ठिकाणी भरवशाने होई. तेथील निर्मळ पाणी हे त्याचे मुख्य कारण. एखाद्या नदीच्या पाण्यातील लोहावर साऱ्या जगाच्या तसबिरींचे भवितव्य अवलंबून असावे, आणि त्यायोगे दोन गिरण्यांच्या हाती जणू इजाराच जावा, हे उद्योगाच्या इतिहासातील मोठे लक्षणीय प्रकरण आहे.

कोरा कागद या दोन गावांचा, तर त्यावर अंड्याचा लेप चढविण्याचे प्रमुख केंद्र जर्मनीतील ड्रेस्डेन. तेथील एका मोठ्या कारखान्याने 1888 या एका वर्षात 18,674 रीम कागद तयार केला, आणि एका रिमेला सुमारे 27 डझन अंडी लागत, म्हणजे वर्षाकाठी साठ लाखांहून अधिक अंडी फोडली गेली. बलक वेगळा काढण्याचे व कागद तरंगविण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत. बलक काही दिवस आंबू देत, कारण आंबलेल्या बलकाचा लेप अधिक एकसारखा आणि चमकदार बसे, आणि त्या दुर्गंधीत या स्त्रियांना दिवसचे दिवस काढावे लागत. छायाचित्रकलेच्या ग्रंथांत नामवंत छायाचित्रकारांची चरित्रे सविस्तर सापडतात. या स्त्रियांचे नावनिशाण कोठे आढळत नाही, याचा मला मनापासून खेद होतो. त्यांच्या हातचा तो लेप दुर्दैवाने काळाच्या कसोटीस पुरता उतरला नाही. दमट हवेत तो पिवळा पडतो, त्यावर बारीक तडे जातात आणि उजळ भागातले तपशील विरून जातात. आपल्याकडील जुन्या घराण्यांच्या संग्रहातील फिकट बदामी तसबिरी पुष्कळदा याच रोगाने ग्रासलेल्या असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथून दोन वाटा फुटल्या. एका वाटेने बरायटा आला: बेरियम सल्फेटची शुभ्र, जड भुकटी सरसात कालवून तिचा थर कागदावर द्यावयाचा आणि त्यावर प्रकाशग्राही लेप चढवावयाचा, म्हणजे कागदाचे तंतू पूर्णपणे झाकले जातात आणि काळा रंग अतिशय गहिरा दिसतो. दुसरी वाट विल्यम विलिस याने 1873 साली पेटंट घेतलेल्या प्लॅटिनमच्या कागदाची. त्यात लेप असा नाहीच, प्लॅटिनमचे कण थेट तंतूंत बसतात, पृष्ठ मखमली राहते आणि प्रतिमा जवळजवळ अक्षय असते. इंग्लंडातील प्रार्थनामंदिरांच्या अंतर्भागाचे अद्वितीय चित्रण करणारा फ्रेडरिक एव्हान्स या कागदाशी इतका एकनिष्ठ होता, की पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनमचे भाव भडकून तो कागद दुर्मीळ झाला, तेव्हा त्याने आपले काम जवळजवळ आटोपतेच घेतले. विसावे शतक अर्थात बरायट्याचे झाले, आणि पुढे प्लास्टिकचे अस्तर दिलेल्या, झटपट धुऊन झटपट वाळणाऱ्या कागदाने त्यालाही मागे सारले; त्या कागदाविषयी सोयीपलीकडे सांगण्यासारखे फारसे नाही.

शाईने छायाचित्र छापण्याची पद्धत अनपेक्षित दिशेने आली. आयरिस नावाचे महागडे यंत्र छापखान्यात रंगीत मुद्रिते काढण्यासाठी बनविलेले होते. गायक आणि छायाचित्रसंग्राहक ग्रॅहॅम नॅश व त्याचा सहकारी मॅक होल्बर्ट यांनी 1991 साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे त्यावर कलाकृती छापण्याचा कारखाना उघडला. जलरंगाचा जाड कागद त्या यंत्रात मावेना, तेव्हा त्यांनी यंत्राच्या भागांवर चक्क करवत चालविली. त्या पहिल्या छापांची शाई काही वर्षांतच विटू लागे. हेन्री विल्हेल्म याच्यासारख्या संशोधकांनी प्रकाशात, उष्णतेत आणि दमट हवेत कागद-शाईची परीक्षा घेण्याचे शास्त्र उभे केले, आणि 2000 च्या सुमारास विरघळणाऱ्या रंगांऐवजी घन रंगकणांच्या शाया आल्या, तेव्हा कोठे ही पद्धत विश्वासपात्र ठरली. त्याच सुमारास 1584 पासून कागद करीत आलेल्या हानेम्युले या जर्मन गिरणीसारख्या जुन्या घराण्यांनी आपल्या कापसाच्या कागदावर शाई धरणारा सूक्ष्म लेप चढविण्यास प्रारंभ केला.

आजचा निवडणारा येथे उभा आहे. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून केलेला, 308 ग्रॅमचा निस्तेज कागद प्लॅटिनमच्या वाटेचा वारस आहे. मात्र त्याच्याही पृष्ठावर सिलिकासारख्या द्रव्याचा पातळ लेप असतोच, अन्यथा शाई फुटून रेघ जाड होईल. बरायट्याचा इंकजेट कागद दुसऱ्या वाटेचा. त्याचा काळा अधिक गडद, आणि त्यासाठी यंत्रात काळी शाईही निराळी लागते. धुक्याची, दगडाची, वृद्ध चेहऱ्याची छायाचित्रे मी पहिल्या कागदाच्या हवाली करीन, आणि पावसात भिजलेल्या रस्त्यावरचे रात्रीचे दिवे दुसऱ्याच्या. दोहोंपैकी कोणताही घेताना त्याच्या शुभ्रतेची चौकशी अवश्य करावी. अनेक कागदांना अधिक पांढरे भासविण्यासाठी अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश फेकणारी रसायने घालतात. ती कालांतराने निकामी होतात आणि कागद आपल्या मूळच्या पिवळसर रंगावर येतो, तेव्हा छापताना साधलेला रंगांचा तोल बिघडतो. ताव खिडकीच्या उजेडात आणि मग पिवळ्या दिव्याखाली आळीपाळीने धरून पाहिला, म्हणजे ही भर किती आहे याचा बराचसा अंदाज येतो. कोकणात किंवा मुंबईत, जेथे हवेतच ओल आहे, तेथे आम्लरहित तंतूंचा, ही भर नसलेला कागद काचेआड, भिंतीपासून थोडे अंतर राखून लावावा, आणि विकत घेण्यापूर्वी एकच चित्र दोन्ही कागदांवर छापून पाहावे.