साथकाळातील ऑनलाइन मदत-आवाहन

साथरोगाच्या काळात निधी, साहित्य वा स्वयंसेवक मिळवण्यासाठी, तसेच लोकांना आरोग्याची माहिती देण्यासाठी धर्मादाय संस्था इंटरनेटवर करतात ती जाहिरात. भारतात तिचा खरा कस लागला तो २०२०-२१ च्या कोविड साथीत.

उदाहरणार्थ, महाराष्ट्रातला धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. तिथल्या अणदूरचे हॅलो मेडिकल फाउंडेशन गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करते, तर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था याच भागातल्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभी राहिली. माणसे जोडण्यात अशा संस्थांचा हात कोणी धरणार नाही. पण देणगीचा पैसा जाहिरातीत घालणे ग्रामीण संस्थेला जडच जाते.

तिथे गुगलची ‘ॲड ग्रँट्स’ योजना उपयोगी पडते. पात्र संस्थेला महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती फुकट मिळतात. अटी मात्र कडक आहेत. जाहिरात निव्वळ मजकुराची, चित्राला जागा नाही. जाहिरात दिसलेल्यांपैकी किमान ५ टक्के लोकांनी ती उघडली पाहिजे. सलग दोन महिने तसे झाले नाही, तर खाते स्थगित होऊ शकते. एकशब्दी शोधसंज्ञा बहुतांशी चालत नाहीत. म्हणजे नुसते ‘कोरोना’ बाद. ‘उमरगा कोविड रुग्ण मदत’ चालेल. छोट्या संस्थेच्या हे पथ्यावरच पडते. आणखी एक गोष्ट सहज निसटते : लसीची माहिती परंडा-भूममध्ये दिसायला हवी, देणगीचे आवाहन मात्र पुण्या-मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या धाराशिवकरांना. दोन्ही एकाच जाहिरातीत कोंबले, की एकही धड होत नाही.

साथीच्या सुरुवातीला मोठ्या कंपन्यांनीच हात आखडता घेतला होता. मार्च २०२० मध्ये फेसबुकने मास्कच्या जाहिराती थांबवल्या. गुगलने कोरोनाविषयक जाहिरातींवर निर्बंध घातले आणि एप्रिलपासून ते टप्प्याटप्प्याने सैल केले. ७ एप्रिलला व्हॉट्सॲपने वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. गावच्या ग्रुपवर विसंबलेल्या खऱ्या आवाहनालाही ती लागू झाली.

खोटी आवाहने आधीच सुटली होती. ‘पीएम केअर्स’ निधीच्या यूपीआय पत्त्यातल्या नावाचे शेवटचे ‘एस’ अक्षर गाळून कोणीतरी बनावट पत्ता काढला. तो दिल्ली पोलिसांनी बंद करवला. एका अक्षराचा फरक, घाईत कोण पाहतो? म्हणून रुग्णाचा केविलवाणा फोटो छापण्यापेक्षा संस्थेच्या पानावर धर्मादाय आयुक्तालयाचा नोंदणी क्रमांक, संस्थेच्याच नावाचे बँक खाते आणि प्राप्तिकराच्या ‘८०जी’ सवलतीचा तपशील ठळक असणे जास्त कामाचे. त्या सवलतीला २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, हेही तिथेच लिहावे. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेल्या देणगीला ती लागत नाही.