राणी, लंपी आणि तीन आठवडे

गेल्या रविवारी गावाहून खरवसाचा डबा आला. लासुर्ण्याहून पुण्याला येणाऱ्या ओळखीच्या गाडीवाल्याकडून तो हडपसरच्या गाडीतळावर घेतला आणि मगरपट्ट्यातल्या फ्लॅटवर नेला. दोन रूममेट्सनी पंधरा मिनिटांत तो रिकामा केला. गौरी पहिल्यांदा व्यायली, त्याचा हा खरवस. डबा धुताना २०२२ चं सगळं आठवलं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळ. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की काटेवाडी, भवानीनगर, मग आम्ही. ऊस आणि दूध, बाकी काही नाही. आमच्या गोठ्यात तेव्हा दोन गायी होत्या. राणी होलस्टीनची संकरित, दोन वेळचं मिळून अठरा लिटर देणारी. कपिला थोडी हलकी, पण शांत. २०२२ च्या सप्टेंबरात लंपी आला तेव्हा राणी दुधात होती आणि कपिला आठव्या महिन्यात गाभण होती.

लंपी भारतात पहिल्यांदा सापडला २०१९ मध्ये, ओडिशात. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याने गुजरात-राजस्थानात हाहाकार केला आणि ऑगस्टमध्ये जळगावमार्गे तो आपल्याकडे उतरला. अंगभर गाठी, ताप, पायाला सूज, दूध बंद. माशा, डास, गोचिड पसरवतात. सप्टेंबरात सरकारने सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, जनावरांचे बाजार बंद झाले आणि गोठ्यागोठ्यात लस टोचायला सुरुवात झाली.

आता गंमत बघा. लस होती शेळीची! म्हणजे शेळ्यांना देवी येतात, त्यावरची. गायीसाठी वेगळी लस देशात तेव्हा नुकती तयार झाली होती, गोठ्यापर्यंत पोचली नव्हती. म्हणून शेळीची लस गायीला, डोस वाढवून.

डॉक्टर आमच्या वस्तीवर आले त्या दिवशी बाबांचा फोन आला. "टोचू का? लोक म्हणतायत गाभण गाय टाकते." आणि मी, चार वर्षं इंजिनिअरिंग आणि तीन वर्षं नोकरी केलेला शहाणा, म्हणालो, "थांबा जरा. शेळीचं औषध गायीला देतायत. आधी दुसऱ्यांच्या गायींचं काय होतं ते बघू." आमच्या धंद्यात हा नियमच आहे. एक पॉइंट शून्य व्हर्जन पहिल्या दिवशी कोणी प्रॉडक्शनवर टाकत नाही. बाबा थांबले. दहा दिवस.

शेळीची लस गायीला का चालते, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. हा प्रकार सव्वादोनशे वर्षं जुना आहे.

१४ मे १७९६ ला इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. फोड गायीच्या देवीचा होता. दीडेक महिन्याने त्याच मुलाला माणसाच्या देवीचं विष टोचलं आणि त्याला काहीच झालं नाही. (आज असा प्रयोग केला तर जेन्नर थेट तुरुंगात जाईल. असो.) गायीला लॅटिनमध्ये 'वाका' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सिन'. गायीची देवी आणि माणसाची देवी ही एकाच घराण्यातली भावंडं. एकीचा चेहरा ओळखायला शिकलेलं शरीर दुसरीलाही ओळखतं. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लंपी हे असंच दुसरं घराणं, तिघं सख्खे भाऊ. गायीने माणसाला दिलेली युक्ती २०२२ मध्ये शेळीने गायीला परत केली, एवढंच.

तुकोबांची पालखी काटेवाडीत आली की मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखीभोवती मेंढ्या पळवल्या की कळपावर रोगराई येत नाही, असं तिथले मेंढपाळ सांगतात. लहानपणी मी ते बाबांच्या खांद्यावरून बघायचो. कळपाची काळजी किती जुनी आहे, हे तिथे बघून कळतं.

जेन्नरची लस आपल्याकडे आली तो किस्साही भारी आहे. फ्रिज नव्हता, बर्फ नव्हता. द्रव वाळला किंवा उन्हात तापला की मेला. मग उपाय काय? माणसाचा दंड हाच फ्रिज! एकाला टोचायचं, आठवड्याने फोड आला की त्यातून पुढच्याला. अशी साखळी बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला लस लागू पडली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरून आणखी पाच मुलांना टोचली, आणि मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा प्रवास सुरू झाला. पेशवाई अजून संपायची होती. पुढे लस वासरांच्या कातडीवर वाढवू लागले. बेळगावात 'व्हॅक्सिन डेपो' म्हणून ओळखली जाणारी जागा आहे ना, ती त्याच काळाची आठवण.

माझ्या आजीच्या हातावर दोन मोठे गोल वण आहेत, जुन्या चार आण्याएवढे. "देवीचा डॉक्टर यायचा, फिरकीवानी फिरवायचा, आम्ही उसात पळायचो," असं ती सांगते. तिच्या सख्ख्या आत्याला देवी आल्या होत्या, एक डोळा गेला. माझ्या दंडावर तो वण नाही. माझा आहे तो बीसीजीचा, क्षयाविरुद्धचा. कारण भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ मधला आणि ८ मे १९८० ला जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माझ्या पिढीला तो वणच नाही, म्हणून त्याची किंमतही फोनवर 'थांबा जरा' म्हणण्याएवढीच.

पण थांबण्यात नेमकं काय जातं? मला वाटतं आपला घोळ 'रोगप्रतिकारशक्ती' या शब्दातच होतो. शक्ती म्हटलं की पैलवान डोळ्यांपुढे येतो. दूध-बदाम खा, काढा प्या, शक्ती वाढवा. २०२० मध्ये तर चहाच्या पुडीवरसुद्धा 'इम्युनिटी' लिहिलेलं होतं. राणी आमच्या वस्तीतली सगळ्यात धट्टीकट्टी गाय होती. त्याचा काही उपयोग झाला नाही. कारण मुख्य प्रश्न ओळखण्याचा आहे, आणि ओळख पटायला वेळ लागतो.

ते असं चालतं. कातडी, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल हा झाला बाहेरचा कोट. तो ओलांडून कोणी आत आलं की समोर दिसेल त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तासाभरात धावतात, ताप येतो, सूज येते. हा सगळा पहारा सरसकट, नाव-गाव न विचारता. खरी कमाल त्याच्या मागे आहे. शरीरात कोट्यवधी बी-पेशी फिरत असतात आणि जवळजवळ प्रत्येकीजवळ वेगळ्या आकाराची चावी असते. या चाव्या रोग बघून बनवलेल्या नसतात. मोजक्या जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून आधीच रँडम बनवून ठेवलेल्या असतात. (हे पिसणं उलगडणाऱ्या सुसुमु टोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं.) विषाणू आला की त्या गर्दीतल्या एखाद-दुसऱ्या पेशीची चावी त्याला बसते. मग टी-पेशींनी मान डोलावली की ती एक पेशी दोन होते, दोनाच्या चार, चाराच्या आठ. त्यांतून अँटीबॉडी सुटायला लागतात. काही पेशी मात्र लढत नाहीत, आठवण म्हणून मागे राहतात, कित्येकदा वर्षानुवर्षं.

या दुपटीला वेळ लागतो. प्रोसेसर कितीही भारी घ्या, पेशी फुटायला लागणारे तास कमी होत नाहीत. पहिल्या खेपेला आठवडा तर सुरुवातीलाच जातो, भर यायला दोन-तीन आठवडे. लंपीच्या लशीला डॉक्टर तीन आठवडे सांगतात. आणि विषाणू आत शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंतचा काळ चार ते चौदा दिवस. म्हणजे दोघं एकाच वेळी पळाले तर विषाणू जिंकणार. लस म्हणजे शरीराला दिलेला आगाऊ वेळ.

वेळेचा हा हिशेब पुण्याने याआधीही पाहिलाय, आणि तोही माझ्या ऑफिसच्या आसपास. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेला वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत उतरला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत कामाला लागला. प्लेगचे जंतू त्याने रस्स्यात वाढवले, वर चक्क तुपाचे थेंब सोडले, कारण जंतू त्या थेंबांना लटकून झपाट्याने वाढत. मग उष्णता देऊन ते मारले. तीन महिन्यांत लस तयार, आणि १० जानेवारी १८९७ ला त्याने ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी. पुण्यात तोवर प्लेग पोचला होता. त्यानंतरचं रँडचं प्रकरण आपण शाळेत वाचलंय, ते इथे नको.

शाळेत कमी सांगतात ते हे. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्यातला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेतला आणि तिथे पोचवला. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हाफकिनने स्वतःला सुई टोचली त्याला त्या दिवशी बरोब्बर दोन महिने झाले होते. लस जगात होती, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

मुंढवा ते हडपसर मी रोज बाईकवर करतो. त्याच पट्ट्यात आज सीरम इन्स्टिट्यूट आहे. तिचीही मुळं हाफकिनपर्यंत जातात. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला विकले जात. घोड्याला विष थोडंथोडं टोचायचं, त्याच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या की तो सीरम माणसाला द्यायचा. घोडे आपलेच तर सीरमही आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये कंपनी निघाली. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे कोविशील्डचे पहिले ट्रक इथूनच सुटले. मी तेव्हा घरून काम करत होतो, म्हणजे लासुर्ण्याला, नेटवर्क शोधत गोठ्याच्या पत्र्यावर बसून. राणी खाली रवंथ करत होती.

दहा दिवसांनी, शेजारच्या कोणाचीही गाय टाकली नाही हे बघून, बाबांनी दोघींना टोचून घेतलं. आठव्या दिवशी राणीला ताप आला. नवव्या दिवशी मानेवर गाठी. मी सुट्टी टाकून गावी गेलो. हळदीचा लेप, कडुलिंबाचा धूर, डॉक्टरांची इंजेक्शनं, सगळं केलं. पायाची सूज इतकी की तिला बसता येईना, बसली तर उठता येईना. आजी रात्री तिच्या तोंडात गुळाचं पाणी घालत बसायची. बाराव्या रात्री राणी गेली. जेसीबीने खड्डा खणला, चुना टाकला. सरकारी मदतीचे ३० हजार पुढे मिळाले.

मी कितीदा तरी हिशेब मांडलाय. बाबांनी पहिल्या दिवशी टोचलं असतं तर ताप आला त्या दिवशी लशीला अठरा दिवस झाले असते. एकवीस नाही, अठरा. वाचली असती का? सांगता येत नाही. लस घेऊनही काही गायी आजारी पडल्याच. बाबांनी मला यावरून एक शब्द ऐकवलेला नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

कपिलाला काही झालं नाही. तिच्या पोटातल्या वासरासाठीच तर आम्ही थांबलो होतो! वसुबारसेच्या आदल्या रात्री ती व्यायली, कालवड झाली. इथे शरीराची आणखी एक गोष्ट. माणसाच्या बाळाला आईच्या अँटीबॉडी पोटात असतानाच वारेतून मिळतात. गायीत तसं होत नाही, वासरू जवळपास कोरी पाटी घेऊन येतं. त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं. आणि वासराचं आतडं त्या अँटीबॉडी जशाच्या तशा रक्तात घेतं ते फक्त पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत. मग ते दार बंद. आपण ज्याचा वेलदोडा घालून खरवस करतो ना, तो वासराचा लसीकरणाचा दाखला असतो. कपिलाला टोचून तेव्हा महिना उलटला होता, म्हणजे चिकात लंपीविरुद्धचा मालसुद्धा होता.

हे मी आजीला सांगायला गेलो, तर तिने आधीच वासराला कासेला लावलं होतं. तिला अँटीबॉडी वगैरे माहीत नाही, 'चीक पोटात गेला की वासरू धरतं' एवढं माहीत आहे. त्या दिवाळीत आमच्याकडे खरवस झाला नाही. वासराचं पोट भरून उरलेला चीक बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला. चारच दिवसांनी शेजारची गाय व्यायली. ती लंपीतून उठलेली, कास सुकलेली. बाबा रात्री अकराला बाटली कोमट पाण्यात धरून त्यांच्या गोठ्यात गेले, मी मोबाईलची बॅटरी दाखवत मागे.

कालवडीचं नाव आजीने गौरी ठेवलं. परवा ती व्यायली तेव्हा मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "वासराला चीक पाजला का?" बाबा म्हणाले, "पाजला रे. दोनदा पाजला. उरला त्याचा डबा उद्या गाडीने येतोय."