काडतूस भरण्याचे यंत्र: निवड आणि कायदा

वापरलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरून तिचे नवे काडतूस तयार करण्याच्या क्रियेस नेमबाजीच्या परिभाषेत ‘रीलोडिंग’ असे म्हणतात. त्यासाठी लागणारे हाताने चालविण्याचे दाबयंत्र म्हणजे ‘रीलोडिंग प्रेस’ होय. अमेरिकेत हे यंत्र घरातील कार्यशाळेत सहज आढळते. भारतात मात्र त्याच्या निवडीपूर्वी कायद्याचा विचार करणे अपरिहार्य ठरते.

काडतुसाचे घटक

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तळाशी बसविलेला प्राइमर, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. छऱ्याच्या काडतुसात गोळीऐवजी छरे आणि त्यांच्याखाली गट्टा असतो. बार उडाल्यावर प्राइमर, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पुंगळी तेवढी शिल्लक राहते. ती काडतुसाच्या किमतीतील मोठा वाटा असल्याने तिचा पुनर्वापर करण्याची पद्धत रूढ झाली.

प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येत नाही. .२२ बोअरच्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण तळाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ही कडा चेपली की पुंगळी निकामी होते. ज्या काडतुसात प्राइमर तळाच्या मध्यभागी स्वतंत्रपणे बसविलेला असतो, तेच काडतूस पुन्हा भरता येते. त्यातही इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीचा प्राइमर काढणे सोपे, तर अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीचा काढणे कठीण असते.

यंत्राचे प्रकार

१८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी स्थापन केलेल्या अमेरिकेतील ‘आयडियल’ कंपनीने सांडशीसारखी हत्यारे बाजारात आणली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी ‘आरसीबीएस’ची सुरुवात केली. आज या यंत्रांचे प्रामुख्याने तीन प्रकार आहेत.

एकपदरी यंत्र: यात एका वेळी एकच साचा बसतो आणि तरफेच्या एका दाबात एकच क्रिया होते. काम सावकाश चालते. परंतु प्रत्येक टप्पा डोळ्यांनी तपासता येतो. म्हणून नवशिक्यासाठी आणि अचूकतेसाठी हेच यंत्र योग्य मानले जाते.

फिरत्या माथ्याचे यंत्र: यात अनेक साचे एका फिरत्या चकतीवर बसविलेले असतात. साचे वारंवार बदलावे लागत नसल्याने वेळ वाचतो.

सलग यंत्र: यात तरफेच्या प्रत्येक दाबाबरोबर एक काडतूस पूर्ण होते. मोठ्या संख्येने काडतुसे लागणाऱ्यांना ते सोयीचे असते. मात्र एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली किंवा पडलीच नाही, तरी ते लक्षात न येण्याचा धोका येथे अधिक असतो. दुप्पट दारूच्या दाबाने बंदूक फुटू शकते, तर दारूविना केवळ प्राइमरच्या जोराने सुटलेली गोळी नळीत अडकू शकते आणि पुढचा बार घातक ठरू शकतो.

छऱ्याच्या काडतुसांसाठी स्वतंत्र यंत्र लागते. निवड करताना चौकटीची मजबुती, साचा व पुंगळी यांची सरळ रेषा आणि सुटे भाग मिळण्याची सोय या बाबी पाहिल्या जातात.

तीन देश, तीन कायदे

नवी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन, अमेरिकन सेंटर आणि ब्रिटिश कौन्सिल या तिन्ही वास्तू आहेत. त्या ज्या देशांच्या आहेत, त्यांचे कायदे या एकाच यंत्राकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहतात.

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास संघीय परवाना लागत नाही; विक्रीसाठी तो लागतो. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने प्राइमरच्या विक्रीवर निर्बंध आणले.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या संज्ञेची व्याख्या आहे. तीत दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस, तर कलम १० नुसार त्याच्या आयातीस परवाना आवश्यक आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली मिळतो; तो निर्मितीचा परवाना ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

परदेशातील नातेवाइकाने भेट म्हणून आणलेले यंत्रही या व्याख्येच्या बाहेर राहत नाही, ही बाब मराठी कुटुंबांनी लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांचा इतर पूरक भागांसह वापर करण्याचा हेतू नाही, अशा किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे. पूर्ण यंत्राला ती लागू होईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दारूसाठी स्फोटकविषयक कायदाही पाहावा लागतो. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

महाराष्ट्रातील नेमबाज

भारतात काडतुसांची निर्मिती मुख्यतः सरकारी कारखान्यांत होत आली आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ मधील आहे. ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’च्या अखत्यारीत आहेत.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळविले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचे मानकरी ठरले. या तिघांचेही क्रीडाप्रकार .२२ बोअरचे आहेत. म्हणजे त्यांची काडतुसे पुन्हा भरता येतच नाहीत. असे नेमबाज कारखान्यातील निरनिराळ्या खेपांची काडतुसे स्वतःच्या बंदुकीतून झाडून पाहतात आणि सर्वांत अचूक खेप निवडतात. एअर रायफल व एअर पिस्तूल प्रकारांत तर काडतूसच लागत नाही. त्यामुळे नवोदित नेमबाजास या यंत्राची गरज सहसा पडत नाही.

खरेदीपूर्वी काय करावे?

आपल्या क्रीडाप्रकारातील काडतूस पुन्हा भरता येते किंवा नाही, हे प्रथम पाहावे. त्यानंतर जिल्हाधिकारी अथवा पोलीस आयुक्त यांपैकी जे परवाना प्राधिकारी असतील, त्यांच्याकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत यंत्र मागवू नये. सरावासाठी अधिक काडतुसे हवी असल्यास मान्यताप्राप्त रायफल संघटनेमार्फत अर्ज करता येतो. नेमबाजांना मिळणाऱ्या काडतुसांची मर्यादा केंद्र सरकारने २०२० मध्ये वाढविली आहे.