टेक्सस लाँगहॉर्न : जात आधी, मानक मागाहून

पशुपैदाशीत 'जातिमानक' म्हणजे विशिष्ट जातीचे जनावर दिसायला आणि बांध्याने कसे असावे याचे लेखी वर्णन, तर 'पैदाशीचे उद्दिष्ट' म्हणजे त्या वर्णनातील कोणता गुण पुढच्या पिढीत वाढवायचा याची निवड. इंग्लंडमधील लाँगहॉर्न गुरांच्या बाबतीत ही निवड अठराव्या शतकात लेस्टरशायर परगण्यातील डिशली येथे रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने जाणीवपूर्वक केली आणि जवळच्या नात्यातील नर-मादी जुळवून मांसल जनावर घडवले. टेक्सस लाँगहॉर्नचे नाव तेच असले तरी तिचे कूळ वेगळे आहे आणि घडण नेमकी उलट आहे. ही जात कोणी ठरवून घडवली नाही, तिचे मानक ती नामशेष होऊ लागल्यावर लिहिले गेले.

तिचे पूर्वज कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीपासून स्पॅनिश जहाजांतून कॅरिबियन बेटांवर उतरले, सोळाव्या शतकात मेक्सिकोत आणि पुढे टेक्ससमध्ये पोहोचले. तेथे कुंपण नसलेल्या मुलखात त्यांतील पुष्कळ गुरे रानटी झाली. दुष्काळ, हिंस्र श्वापदे आणि गोचिडी यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी निवड केली, तिच्यातून लांब पायांचे, सडपातळ, काटेरी झुडपांवरही तगणारे जनावर उरले. त्याचे वासरू जन्मतः हलके असल्याने पहिलारू कालवडही बहुधा कोणाच्या मदतीशिवाय विते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या गुरांचा वारसा मुख्यतः बिनवशिंडाच्या गोवंशाचा असला, तरी त्यात भारतीय उपखंडात माणसाळलेल्या वशिंडाच्या गोवंशाचाही अंश आढळला. हा अंश आफ्रिकेमार्गे स्पेनमध्ये आणि तेथून अमेरिकेत गेला असावा, असे संशोधकांनी मांडले.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, 1866 पासून सुमारे दोन दशके, ही गुरे लाखोंच्या संख्येने उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत पायी हाकली गेली. त्यांना स्वतःला गोचीडताप सहसा मारत नसे, परंतु त्यांच्या अंगावरील गोचिडींमुळे वाटेवरील इतर गुरे मरत. या रोगाचा प्रसार गोचिडीमार्फतच होतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी 1893 मध्ये सिद्ध केले. तोवर काटेरी तारेने मोकळे रान बंद केले होते आणि बाजाराला लवकर चरबी धरणाऱ्या हेरफर्ड, शॉर्टहॉर्न या जाती हव्या होत्या. संकर होत गेला, तसतसे मूळ जनावर दिसेनासे झाले.

1927 मध्ये अमेरिकी काँग्रेसने दिलेल्या 3,000 डॉलरांतून वनखात्याच्या विल बार्न्स आणि जॉन हॅटन यांनी दक्षिण टेक्ससमध्ये शोध घेऊन 20 गाई आणि 3 वळू निवडले व ओक्लाहोमातील विचिटा पर्वतांच्या अभयारण्यात आणले. पुढे या जातीच्या मानकात ज्या लक्षणांना महत्त्व आले, ती म्हणजे लांब चिंचोळे तोंड, आडवी जाऊन वर पीळ घेणारी शिंगे, सपाट बरगड्या, लांब शेपूट आणि तिचा भरघोस गोंडा. संकराचा अंश ओळखण्यास अशी एकत्र दिसणारी लक्षणे उपयोगी पडतात. या कळपाचा तसेच काही खासगी घराण्यांनी राखलेल्या कळपांचा आधार घेऊन 1964 मध्ये पैदासकारांची संघटना व वंशावळीची नोंदवही सुरू झाली.

नोंदवही आली, तशी स्पर्धा आली आणि स्पर्धेला आकड्याची गरज लागली. शिंगे मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत: एकीत डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सरळ रेषेत अंतर घेतात, दुसरीत टेप शिंगाच्या वळणावळणाने टोकापासून माथ्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत नेतात. पहिल्या मापात पीळदार शिंग तोट्यात जाते, कारण पिळात गेलेली लांबी त्या अंतरात धरली जात नाही. त्यामुळे सरळ आडव्या शिंगांना भाव येतो. 2019 साली पोंचो व्हाया नावाच्या अलाबामातील बैलाच्या शिंगांचे टोकाटोकाचे अंतर 323.74 सेंटिमीटर नोंदले गेले. तो खच्ची केलेला होता; खच्चीकरणानंतर शिंगे वळूपेक्षा अधिक लांबतात. म्हणजे ज्या बैलाने जातीचा विक्रम केला, त्याला वंश नाही.

या ओढीला उत्तर म्हणून 1990 मध्ये दुसरी नोंदणी संस्था निघाली. प्रत्यक्ष पाहणी आणि रक्तगटाची तपासणी यांद्वारे जुन्या ठेवणीचे, असंकरित जनावर राखणे हे तिचे उद्दिष्ट होते. दोन्ही बाजू आपले जनावर खरा लाँगहॉर्न मानतात. मतभेद आहे तो कोणता गुण मोजावा याबद्दल, कारण विताना अडचण न येणे, रोगाला तोंड देणे किंवा म्हातारपणीही वासरू देत राहणे हे गुण प्रदर्शनाच्या रिंगणात एका दिवसात दिसत नाहीत. ते पाहायला गाईचे सारे आयुष्य जावे लागते, आणि रानाने निवड केली होती ती तशीच.