मॅक्स वेबरचा काजी

एखाद्या पुढाऱ्याचा 'करिश्मा' ओसरला, असे आपली वर्तमानपत्रे लिहितात, तेव्हा ती नकळत मॅक्स वेबरची भाषा बोलत असतात. त्याचा शब्द मूळचा ग्रीक, आपला करिश्मा फारसी. मुळे वेगळी, पण मराठी पत्रकारितेने दोघांचा निकाह लावून टाकला. १८६४ साली एरफुर्टला जन्मलेल्या या जर्मन विद्वानाची नोकरशाही, सत्तेची वैधता, धर्म आणि भांडवलशाहीचे नाते यांवरची मांडणी आजही विद्यापीठांत शिकवली जाते.

त्याच्या लिखाणातला आणखी एक शब्द मात्र आपल्याला बोचतो. 'काजी-न्याय'. ठरलेल्या नियमांना बांधील न राहता, समोरचा माणूस आणि प्रसंग पाहून दिलेला निवाडा, असा त्याचा अर्थ. वेबरचे म्हणणे असे की भांडवल गुंतवणाऱ्याला कोर्टात काय होईल याचा आधी अंदाज बांधता आला पाहिजे. असा कायदा युरोपात घडला.

आपल्यातले काही जण एवढे वाचूनच पुस्तक मिटतात. घाई होते. वेबरने हाच शब्द इंग्लंडच्या 'जस्टिस ऑफ द पीस'लाही लावला होता. त्याच्यासाठी तो न्यायाचा एक नमुना होता, मुसलमानांचे वर्णन नव्हे. पण नाव काजीचे, म्हणून बदनामीही काजीचीच. १९४९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी आपल्या भिन्न मतात लिहिले, की आम्ही काही झाडाखाली बसलेले काजी नाही!

प्रत्यक्षातला काजी झाडाखाली बसत नव्हता, दफ्तर ठेवत होता. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराच्या काजीच्या नोंदवह्या पंधराव्या शतकापासूनच्या आहेत. आपल्याकडे आदिलशाहीत वतनाचा तंटा मजलिशीपुढे येई. तिथे काजीबरोबर देशमुख, देशपांडे, पाटील बसत, आणि निकालाचा महजर होई. त्यात दोन्ही बाजूंची तकरीर, साक्षीपुरावा, हजर असलेल्यांची नावे. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात असे महजर अभ्यासले आहेत.

वेबरने यातले काही पाहिले नव्हते. चीन, भारत आणि प्राचीन यहुदी धर्मावर त्याने सविस्तर लिहिले. इस्लामवरचा अभ्यास मनात होता, पण १४ जून १९२० रोजी म्युनिकमध्ये न्यूमोनियाने तो गेला, वय अवघे ५६. हाती उरली ती विखुरलेली पाने, आणि त्यांत इस्लाम म्हणजे लढवय्यांचा धर्म हे एकांगी चित्र. इथे तो चुकला, हे स्पष्ट म्हणायला हवे. फ्रेंच मार्क्सवादी मॅक्सिम रोदँसोंने १९६६ साली दाखवून दिले, की मुसलमानांच्या व्यापाराची वाट त्यांच्या धर्माने अडवली नव्हती.

तरी प्रश्न वेबरचाच राहिला: निकालाचा अंदाज बांधता येतो का? इस्रायली इतिहासकार हाइम गर्बर तोच प्रश्न घेऊन बुर्साच्या वह्यांकडे गेले आणि १९९४ साली उत्तर छापले. येत होता.