टोपडें, टोपीकर आणि क्रोशाची टोपी

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेसाठीं आमच्या भागाच्या इतिहासावर कांहीं लिहावें अशी आज्ञा झाली, तेव्हां देवालयाच्या पायाच्या दगडापासून आरंभ करावा असें प्रथम मनांत आलें. परंतु ती हकीकत माझ्याहून अधिक जाणत्यांनीं ह्याच अंकांत दिली आहे. म्हणून एका अगदीं लहान वस्तूची कथा वाचकांपुढें ठेवतों. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या कांहीं भगिनींनीं घरच्या ओटीवर बसून क्रोशाच्या सुईनें कांठाच्या टोप्या विणण्यास प्रारंभ केला. "फादर, ही विद्या आमच्याकडे आली कोठून?" असें त्यांतील एका वृद्धेनें विचारलें. त्या दिवशीं तिला मजकडून नीट उत्तर मिळालें नाहीं. तें आज देतों.

डोकें झांकणें आम्हांस नवें नाहीं. मराठी घरांत मूल जन्मलें कीं आजीच्या हातचें अंगडें-टोपडें आणि कुंची तयार असते. शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आवणीच्या वेळीं वांकलेल्या पाठीवर इरलें असे. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यांत पळसाचीं पानें गुंफून केलेलें तें छप्परच म्हणावें. आतां त्याची जागा बहुतेक ठिकाणीं प्लास्टिकच्या कागदानें घेतली आहे. फेटा, पागोटें, मुंडासें हींही आमचींच. परंतु चोहों बाजूंस कांठ असलेली टोपी ही मात्र परक्यांची खूण होती. रामचंद्रपंत अमात्यांनीं सुमारें १७१५ सालीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस इत्यादि दर्यापारच्या लोकांना एकच नांव दिलें आहे: टोपीकर. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, ह्यांच्या पाठीशीं त्यांचे राजे आहेत, असा इशाराही त्यांनीं तेथें दिला. पुढें १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली ती ह्याच टोपीकरांपासून. "तुम्ही टोपीवाल्यांचे" हा टोमणा बाळपणीं मींही ऐकला आहे, आणि माझ्या डोक्यावर तेव्हां आईनें बांधलेल्या रुमालाशिवाय दुसरें कांहीं नव्हतें! मराठींत "टोपी घालणें" म्हणजे फसविणें; हा अर्थ कोणत्या अनुभवांतून निघाला असेल ह्याचा निर्णय वाचकांवर सोंपवितों.

क्रोशाची सुई मात्र त्या जुन्या टोपीकरांबरोबर आली नाहीं. ती खुद्द युरोपांतही फार जुनी नाहीं. क्रोशाच्या विणीच्या छापील सूचना प्रथम १८२३ सालीं पेनेलोपे नांवाच्या एका डच मासिकांत आढळतात. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ लहानशी आंकडी एवढाच. ह्या आंकडीला इतिहासांत मान मिळवून दिला तो आयर्लंडांतील दुष्काळानें. १८४५ सालीं तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढल्या कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें आणि तापानें मेलीं, आणि तितकींच किंवा त्याहूनही अधिक देश सोडून गेलीं. त्या संकटांत कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाईन भगिनींनीं गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकविली. उत्तरेस क्लोन्स गांवीं १८४७ सालीं कॅसांड्रा हँड ह्या बाईंनीं तेंच केलें. त्या प्रॉटेस्टंट पाळकाच्या पत्नी, आपल्या मंडळींतील नव्हत. पण भुकेल्यांना घांस देणाऱ्यांत त्यांचें नांव प्रेमानें घेतलें पाहिजे. जुन्या पद्धतीची लेस करण्यास फार काळ लागे. क्रोशानें तें काम पुष्कळ लवकर उरके. सुई, सूत आणि उजेडाची एक खिडकी, एवढेंच भांडवल. त्या पैशांतून घरभाडें भागलें, पीठ आलें, आणि कित्येकांच्या अमेरिकेच्या गलबताचें भाडेंही निघालें.

आपल्या देशांत ह्या कलेचें सर्वांत मोठें ठाणें म्हणजे आंध्रांतील नरसापूर. गोदावरीच्या कांठच्या त्या मुलुखांत १८४४ सालीं मॅक्रे नांवाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्यानें गरीब ख्रिस्ती स्त्रियांना लेस शिकविली असें सांगतात. गोव्यांत लेसला पोर्तुगीज शब्दावरून रेंद म्हणतात. कॉन्व्हेंटांच्या शाळांतून तर शिवण-विणकाम हा मुलींचा नेमाचा विषय होता. तेथें शिकलेली मुलगी सासरीं जातांना ती आंकडी बरोबर नेई, आणि मग ती आंकडी शेजारणीच्या हातीं जाई.

परंतु ह्या इतिहासाची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. मारिया मीस ह्या जर्मन विदुषींनीं नरसापूरच्या लेसवाल्यांवर १९८२ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. घरचें सर्व काम उरकून त्या बाया रोज सहा ते आठ तास विणीत. तरी त्यांस कामगार कोणी म्हणत नसे. "घरांत बसून फावल्या वेळीं करतात" असें म्हटलें कीं मजुरी कमी देण्यास निमित्त मिळे, आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई. खरें क्रोशाकाम आजही हातानेंच होतें. यंत्रावर निघतें तें त्याचें अनुकरण.

आतां टोपीची कृति. वाचक हंसतील कीं फादर विणूं लागले! विणतां मला येत नाहीं, पण पाहून जें समजलें तें सांगतों, कारण त्यांत गणित आहे. प्रथम सुताचें एक कडें करून त्यांत सहा मुके खांब घालावयाचे. दुसऱ्या फेरींत प्रत्येकांत दोन, म्हणजे १२; तिसरींत एकाआड एक दुप्पट, म्हणजे १८; पुढें दर फेरीस सहांची भर. मुका खांब जितका उंच, जवळजवळ तितकाच रुंद असतो. आणि वर्तुळाची त्रिज्या एक मापानें वाढली कीं परीघ सहा मापांहून थोडासा अधिक वाढतो. म्हणून सहा. शाळेंत घोकलेले बावीस सप्तमांश येथें कामास येतात: डोक्याचा घेर २२ इंच असेल तर ७ इंच व्यासाची तबकडी झाली कीं भर थांबवावी. मग वीण आपोआप खालीं वळते. चारएक इंच उतरल्यावर पुन्हां सहांची भर सुरू केली कीं कांठ सपाट पसरतो. भर कमी पडली तर कांठ घंटेसारखा खालीं झुकतो. अधिक झाली तर त्याच्या झालरीसारख्या लाटा होतात. माझ्या समोर उसवल्या गेलेल्या पहिल्या तीन टोप्या ह्या दुसऱ्या दोषाच्या होत्या.

कांठ ताठ राहावा म्हणून भाताच्या पेजेची खळ द्यावी आणि थाळी उपडी घालून तीवर टोपी वाळवावी. कोणी साखरेच्या पाण्यानें ताठ करतात. आमच्याकडे त्यांत मुंग्यांचाच फायदा झाला. पावसाळ्यांत कोणतीही खळ टिकत नाहीं. टोपी उन्हाळ्याची, पावसाला इरल्यासारखें दुसरें नाहीं.

विणणारीच्या डोक्यावर मात्र ही टोपी मीं अद्याप पाहिली नाहीं. तानसा आणि भातसा हीं धरणें ह्याच शहापूर तालुक्यांत. तानसाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे, आणि आमच्या पाड्यांतील बाई वैशाखांत दोन हंडे घेऊन विहीर शोधीत हिंडते. जेथें चुंबळ आणि हंडा बसावयाचा तेथें कांठाची टोपी कशी राहील?

पहिल्या टोप्या विकावयास नेल्या तेव्हां एका दुकानदारानें सुताच्या किमतीहून थोडेसेच अधिक देऊं केले. "बायका घरीं बसून तर करतात" हें त्याचें म्हणणें. नरसापूरची हकीकत मीं त्या दिवशीं भगिनींना वाचून दाखविली. त्या वृद्धेनें ती सर्व ऐकून घेतली, आणि मग बोटांवर मोजूं लागली. एका टोपीस चार दुपारी; चार दुपारी म्हणजे शेतावरचे दोन रोज. दोन रोजांची मजुरी आणि सुताचे पैसे तिनें नातीकडून एका चिठ्ठीवर लिहवून घेतले, ती चिठ्ठी टोपीच्या आंतल्या बाजूस टांकली, आणि टोपी माझ्या हातीं देऊन म्हणाली, "फादर, ज्युबिलीच्या दुकानांत हीच मांडा."