टू-डी इको करावा का? एका तपासणीचा सत्तर वर्षांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण स्टेथोस्कोपची हकीकत पाहिली. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि तिथून पुढे सव्वाशे वर्षं डॉक्टर हृदय ऐकत राहिले. आज पुढचा टप्पा पाहायचा आहे, तो म्हणजे हृदय डोळ्यांनी पाहण्याचा. या विषयाचं नाव काढलं की आम्हाला पहिला प्रश्न येतो तो असा: "इतिहास ठीक आहे हो, पण इको करून घ्यावा की नाही, तेवढं सांगा." आमचं म्हणणं असं आहे की या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे. म्हणून आधी हकीकत, मग उत्तर.

विहिरीत डोकावून हाक मारली की आवाज परत येतो. किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल आहे, याचा अंदाज येतो. इकोचं मूळ तत्त्व एवढंच. फरक इतकाच की हा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. माणूस सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. मोठ्या माणसाच्या इकोसाठी सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी वापरतात. त्यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, दुखत नाही.

असा ध्वनी निर्माण करण्याची युक्ती सापडली १८८० मध्ये. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. उलट बाजूने, वीज दिली की तेच स्फटिक थरथरतात. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी याच गुणाचा उपयोग पाणबुड्या शोधण्यासाठी केला. पुढे कारखान्यांत लोखंडाच्या जाड पत्र्यात आत कुठे भेग आहे का, हे तपासायला तशी यंत्रं आली. म्हणजे समुद्रातून कारखान्यात, आणि कारखान्यातून दवाखान्यात, असा हा प्रवास आहे.

आता दवाखान्यात येऊ. १९४८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन या शल्यविशारदांनी आकसलेली मायट्रल झडप बोटाने किंवा हत्याराने मोकळी करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. ही झडप हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये असते. लहानपणी संधिज्वर, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटिक फीवर, होऊन गेला की पुढे ती खराब होते. मोठी आशेची गोष्ट होती. पण एक मेख होती. झडप आकसली असेल तर ती मोकळी केल्याने रुग्ण सुधारतो. पण ती मुळात गळत असेल तर मोकळी केल्याने आणखी गळणार! काही रुग्णांत दोन्ही दोष एकत्र असत. छातीला नळी लावून ऐकलं तरी दर वेळी नक्की कळत नसे.

स्वीडनमधल्या लुंड गावी इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. कोणाला शस्त्रक्रियेसाठी पाठवायचं, हे ठरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं, रडारने हृदय पाहता येईल का? हर्ट्झ म्हणाले, रडारने नाही, पण अतिध्वनीने जमेल कदाचित. जवळच माल्मोला कोकुम्स ही जहाजबांधणीची गोदी होती. तिथे धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र होतं. ते शनिवार-रविवारपुरतं उसनं आणलं! पुढे सीमेन्स कंपनीकडून तसंच यंत्र वापरायला मिळालं. हर्ट्झ यांचे वडील गुस्ताव हर्ट्झ, नोबेल मिळालेले, सीमेन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख राहिले होते. ती ओळख कामी आली. २९ ऑक्टोबर १९५३ या दिवशी चालत्या हृदयाचे पडसाद पहिल्यांदा नोंदले गेले.

पडद्यावर दिसल्या त्या नुसत्या रेघा. कुठली रेघ कशाची? एडलर यांना आधी वाटलं, ठळक हलणारी रेघ ही वरच्या कप्प्याच्या भिंतीची असावी. मग त्यांनी मरणासन्न रुग्णांत ध्वनीची दिशा नोंदून ठेवली, आणि मृत्यूनंतर त्याच दिशेने टोकदार सळई घालून ती कुठे पोचते ते पाहिलं. ती पोचत होती मायट्रल झडपेच्या पाकळीवर. म्हणजे ती झडपच दिसत होती! आकसलेल्या झडपेची रेघ सावकाश उतरते, निरोगी झडपेची झरकन उतरते. एडलर यांच्या प्रश्नाला हात घालणारी खूण मिळाली.

इथे जरा थांबू या. या यंत्राचा जन्म एका ठरावीक रुग्णाबद्दलच्या ठरावीक प्रश्नातून झाला: याची झडप उघडायची की नाही? उत्तर "हो" आलं तर एक गोष्ट करायची होती, "नाही" आलं तर दुसरी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची पावलंही अशीच पडली. अमेरिकेत इंडियानात हार्वी फायगेनबॉम यांनी प्रश्न घेतला, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलंय का? १९६५ मध्ये त्यांनी ते ध्वनीने ओळखून दाखवलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉटरडॅमला क्लास बॉम यांनी एका रेघेऐवजी हलतं चित्र मिळवलं. आपल्याकडे घरोघरी म्हणतात ना "टू-डी इको", त्यातलं "टू-डी" इथून आलं. आधीचा एका रेघेचा, नंतरचा लांबी-रुंदीचा. डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व जपानमध्ये ओसाकाला सातोमुरा यांनी हृदयाला लावलं. नॉर्वेमध्ये लिव्ह हाट्ले यांच्यासारख्यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की रक्ताच्या वेगावरून झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक काढता येतो. पूर्वी त्यासाठी नसेतून हृदयापर्यंत नळी न्यावी लागे. रंगीत चित्र आलं ते १९८०च्या दशकात, तेही जपानमधून. लाखो माणसांची त्या नळीपासून सुटका झाली. हे यश निर्विवाद आहे.

पण इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. यंत्र स्वस्त झालं, सोपं झालं, की ते प्रश्न नसतानाही वापरलं जातं. मग काय होतं?

१९७०-८०च्या दशकांत मायट्रल झडपेची पाकळी मागे झुकण्याचा, म्हणजे "प्रोलॅप्स"चा, जणू सुळसुळाट झाला. काही पाहण्यांत शंभरातल्या दहा-पंधरा माणसांना हा दोष निघाला. धडधाकट तरुण मुलामुलींच्या मागे हृदयरोगी म्हणून शिक्का बसला. मग बोस्टनच्या रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झडपेचं कडं सपाट नसतं, घोड्याच्या खोगिरासारखं वाकलेलं असतं. त्यामुळे एका विशिष्ट कोनातून पाहिलं की निरोगी झडपही झुकलेली दिसते. व्याख्या सुधारली. १९९९ मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीत ३,४९१ लोक तपासले. दोष निघाला फक्त ८४ जणांत, म्हणजे २.४ टक्के. झडपा त्याच होत्या, आपली नजर चुकली होती.

आता मूळ प्रश्नावर या. काहीही त्रास नसलेल्या माणसाने नुसती खात्री म्हणून इको केला तर आयुष्य वाढतं का? याची थेट परीक्षा झालेली आहे. उत्तर नॉर्वेमधल्या ट्रॉम्सो शहरात १९९४ पासून ६,८६१ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचा इको केला, दुसऱ्याचा नाही, आणि पंधरा वर्षं दोघांवर लक्ष ठेवलं. इको केलेल्यांत २६.९ टक्के लोक त्या काळात वारले, न केलेल्यांत २७.६ टक्के. हा फरक योगायोगाने पडावा इतकाच होता. इको केलेल्या गटात ७.६ टक्के लोकांत हृदयाचा काही ना काही दोष सापडला होता, बरं का. म्हणजे सापडलं पुष्कळ, पण त्या सापडण्याने जीव वाचलेले दिसले नाहीत. २०१३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

यावर कोणी म्हणेल, "मग सरसकट तपासणी ही फुकटचीच!" तसंही नाही. ज्या आजाराने एडलर यांना कामाला लावलं, त्याच संधिज्वराच्या आजाराकडे परत चला. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला; आपल्या देशातून गेला नाही. दिल्लीजवळ बल्लभगढ भागात एम्सच्या डॉक्टरांनी ६,२७० शाळकरी मुलं तपासली. नुसत्या नळीने हजारात एकालाही हा आजार पुरता सापडेना, आकडा निघाला ०.८. इकोने हजारात २०.४ निघाले. पण सापडून उपयोग काय, हा प्रश्न इथेही होताच. त्याचं उत्तर युगांडाने दिलं. तिथे एक लाखाहून जास्त मुलांचा इको केला, सुरुवातीच्या अवस्थेतली ८१८ मुलं निवडली, निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न मिळालेल्यांपैकी ८.२ टक्क्यांचा.

ट्रॉम्सो आणि युगांडा, दोन्हीकडे तपासलेल्यांपैकी बहुतेकांना काही त्रास नव्हता. तरी उत्तरं वेगळी का आली? युगांडात शोध एकाच आजाराचा होता, तो आजार तिथल्या मुलांत पुष्कळ होता, आणि सापडला तर हातात स्वस्त, ठरलेलं औषध होतं. ट्रॉम्सोत यातलं काही नव्हतं.

आता आपल्या घरातला प्रश्न. आज शहरांत "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजमध्ये इको असतोच. आपण करून घ्यावा का? इतिहास सांगतो ते असं: आधी विचारा, कशासाठी? जिना चढताना नव्याने दम लागतो, उताणं झोपलं की धाप लागते, पायांवर सूज येते, श्रम करताना भोवळ येऊन पडायला झालं, डॉक्टरांना नळीने नवा आवाज ऐकू आला, हृदयविकाराचा झटका येऊन गेला, कर्करोगाची हृदयावर परिणाम करणारी औषधं सुरू करायची आहेत, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार आहे. अशा वेळी इको टाळणं धोक्याचं आहे. "वय झालं, दम लागणारच," असं म्हणून आजीला घरी बसवू नका. तिच्या दम लागण्याचं कारण अर्ध्या तासात दिसू शकतं, आणि त्यावर उपायही असू शकतो.

उलट काही त्रास नाही, नळीने तपासून आवाज ठीक आहे, घराण्यात तसा आजार नाही, तर नुसत्या समाधानासाठी केलेल्या इकोचा फायदा दिसलेला नाही. अमेरिकेतल्या इको करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेच सांगून ठेवलंय की हृदयाचा त्रास किंवा इतिहास नसेल तर शस्त्रक्रियेआधी इको टाळावा, आणि झडपेची किंचितशी गळती दिसली म्हणून तो पुन्हा पुन्हा करू नये. "ट्रिव्हियल एमआर" असे शब्द रिपोर्टवर वाचून झोप उडालेली माणसं आम्हाला दर व्याख्यानानंतर भेटतात. अशी नावापुरती गळती पुष्कळ निरोगी माणसांत असते.

दोन गैरसमज जाता जाता दूर करतो. पहिला, रिपोर्टवरचा "ईएफ ६० टक्के". लोक घाबरतात, चाळीस टक्के हृदय गेलं की काय! तसं नसतं. भरलेल्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, त्याचा हा आकडा. कोणाचंच शंभर नसतं. साठ म्हणजे उत्तम. दुसरा गैरसमज जास्त घातक: "इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही." आराम करताना केलेल्या इकोत हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे दिसत नाहीत. वाहिनी बरीच अरुंद झालेली असूनही इको अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून रिपोर्ट खिशात आहे म्हणून छातीतल्या दुखण्याकडे कानाडोळा करू नका; आणि रक्तदाब, साखर, तंबाखू यांची काळजी इकोच्या भरवशावर सोडू नका.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी इको सुचवला, तर एडलर यांचाच प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारा: "डॉक्टर, यातून काय शोधायचं आहे, आणि ते सापडलं तर आपण वेगळं काय करणार?" उत्तर मिळालं तर निर्धास्तपणे इको करून घ्या. पुढच्या व्याख्यानात आपण हृदयात नळी घालण्याचा इतिहास पाहू. आज इथे थांबतो.